छोट्या ओढ्यावरचा ट्राउट : फ्लाय फिशिंगच्या प्रकल्प नोंदी

१२ मार्च

या प्रकल्पात काय करायचंय ते आधी एका जागी लिहून ठेवतो, नाहीतर मध्येच मोठ्या नदीचा मोह होतो आणि सगळं सामान बदलत बसतो. तर, ओढा ठरलाय. रुंदी कुठे तीन मीटर कुठे चार, पाणी गुडघ्यापर्यंत, डोहात जेमतेम कमरेपर्यंत, दोन्ही काठांवर झुडपं वाकून आलेली. ब्राऊन ट्राउट आहेत पण लहान, वीतभर मासा म्हणजे तिथला प्रौढ मासा. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथे एक पूर्ण दिवस काढायचा, सकाळपासून अंधार पडेपर्यंत, फक्त फ्लाय वापरून (फ्लाय म्हणजे हुकावर पीस-केस बांधून केलेली खोटी माशी), आणि तोपर्यंत सगळी तयारी या ओढ्याच्या मापाने करायची. सीझन, परमिट, गळाला उलटा काटा चालतो की नाही हे सगळं आधी बघून झालंय, हे प्रत्येक पाण्याला वेगळं असतं त्यामुळे गृहीत धरून चालत नाही.

मित्र बरोबर येणारे. तो स्पिनिंगवाला, म्हणजे पाण्यात फिरणारा चमकता पत्रा लावलेला गळ (स्पिनर) फेकणारा, त्याचं म्हणणं "अरे एवढ्याशा पाण्याला एवढी तयारी? एक स्पिनर फेकला की अख्खा डोह चाळून होतो." चाळून होतो हे खरंय. पण मला डोह चाळायचा नाहीये, त्यातला एक मासा वर येऊन काय खातोय ते ओळखून त्याला तेच द्यायचंय. यावर वाद मिटला नाही, मिटणारही नाही.

रॉड: सात फुटी, फायबरग्लास, ३ वेट (म्हणजे ३ नंबरच्या लाईनसाठीचा). ग्रॅफाइटचा नऊ फुटी ५ वेट घरात पडून आहे पण तो त्या झुडपांत उभासुद्धा करता येणार नाही. ग्लासची चाल मंद असते, रॉड अगदी हँडलपर्यंत वाकतो, लांब कास्ट करायला कंटाळा येतो पण दहा-बारा फुटांवर माशी अलगद ठेवायची असेल तर मला तोच आवडतो.

१६ मार्च

आज लाईनचा हिशेब. फ्लाय फिशिंगमध्ये फेकायचं वजन म्हणजे लाईनच, माशीला वजन असं नसतंच, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा. लाईनचा नंबर ठरतो तो तिच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून. ३ नंबरचे ३० फूट म्हणजे १०० ग्रेन, साधारण साडेसहा ग्रॅम. ४ नंबर १२० ग्रेन, ५ नंबर १४० ग्रेन. आता गंमत अशी की या ओढ्यावर मी ३० फूट लाईन कधीच बाहेर काढणार नाहीये, दहा-बारा फूट फार झाली, म्हणजे रॉडला जे वजन मिळायला हवं त्याच्या एक तृतीयांशच मिळणार, शिवाय लाईनचं टोक निमुळतं असतं म्हणून तेही पूर्ण नाही. रॉड वाकणारच नाही मग फेकणार काय. म्हणून ३ च्या रॉडवर ४ ची लाईन चढवली. काही जण याला नाकं मुरडतात, रॉडवर ३ लिहिलंय तर ३ च लावा म्हणतात, पण तो आकडा ३० फुटांसाठी आहे, बारा फुटांसाठी नाही.

बॅकिंग (लाईनच्या मागे रीलवर भरायचा दोरा) थोडंसंच भरलंय, रीलचा गाभा जाड व्हावा आणि लाईनला घट्ट वेटोळी पडू नयेत एवढ्यापुरतं. इथला मासा रीलपर्यंत गोष्ट येऊच देत नाही, हातानेच लाईन ओढून घ्यायची असते.

२३ मार्च

लीडर, म्हणजे लाईन आणि माशी यांच्या मधला निमुळता दोरा, हाताने बांधला. बाजारातले एकसंध निमुळते लीडर चांगलेच असतात, गाठी नसतात त्यामुळे पाण्यातलं शेवाळ अडकत नाही, पण बहुतेक नऊ फुटी मिळतात आणि मला साडेसात हवा होता, आणि मुख्य म्हणजे लाईनकडचा जाड भाग जरा ताठ हवा होता.

फ्लाय फिशिंगवर लिहिणाऱ्या चार्ल्स रिट्झ यांचं जुनं गणित वापरलं: ६० टक्के जाड भाग, २० टक्के उतरता, २० टक्के टिपेट (माशीकडचं सगळ्यात बारीक टोक). साडेसात फूट म्हणजे ९० इंच, म्हणजे ५४, १८ आणि १८. जाड भागात ०.४३ मिमी २४ इंच, ०.३८ मिमी १८ इंच, ०.३३ मिमी १२ इंच. मधल्या भागात ०.२८, ०.२३ आणि ०.१८, प्रत्येकी ६ इंच. शेवटी ०.१५ मिमी टिपेट १८ इंच, म्हणजे ५ एक्स. (एक्सवरून जाडी काढायची पद्धत सोपी आहे, ११ मधून एक्स वजा करायचा, उरलं ते इंचाचे हजारावे भाग. ११ वजा ५ म्हणजे ६, म्हणून ०.००६ इंच.)

जोड सगळे ब्लड नॉटने. दोन दोऱ्यांच्या जाडीत फार फरक असला की ही गाठ नीट बसत नाही, एका वेळी ०.०५ मिमीच उतरलो ते म्हणूनच. गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली करायची, कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि तिथेच कमजोर होतं. लाईनला लीडर जोडताना लूप न करता नेल नॉट मारली कारण सात फुटी रॉड आणि साडेसात फुटी लीडर, म्हणजे मासा जवळ आला की हा जोड टोकाच्या रिंगमधून आत जाणार, आणि लूप तिथे अडला की बारीक टिपेटवर झटका बसतो.

पूर्ण संध्याकाळ गेली यात. मजा आली पण.

६ एप्रिल

माश्या बांधणं चालूच आहे, रोज थोडं थोडं. बॉक्स छोटाच ठेवायचा ठरवलंय. तीन नमुने, दोन-तीन साईज, बास. ओढ्यातला ट्राउट निवडक नसतो असं सगळे म्हणतात आणि ते बऱ्यापैकी खरंय, वाहत्या पाण्यात त्याला विचार करायला सेकंदभरच मिळतो, पटकन घेतलं नाही तर गेलं. पण निवडक नाही म्हणजे आंधळा आहे असं नाही.

पहिली एल्क हेअर कॅडिस (एल्क म्हणजे मोठं हरीण, कॅडिस हा पाण्यात वाढणारा उडता किडा). ही अल ट्रॉथ या अमेरिकन माणसाने १९५७ मध्ये बसवली. १४ नंबरचा हुक (आकडा वाढेल तसा हुक लहान होतो, नवीन माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो). वाकाच्या जवळ बारीक तार अडकवायची, मग डबिंगचं (दोऱ्यावर पिळलेल्या मऊ लवेचं) अंग गुंडाळायचं, हुकाच्या डोळ्याकडून मागे हॅकलचं पीस विरळ वेढ्यांनी न्यायचं, आणि मग तीच तार उलट्या दिशेने पिसावरून पुढे आणायची, म्हणजे पीस बांधलं जातं आणि माशाच्या दातांनी तुटलं तरी सुटून येत नाही. शेवटी एल्कचे केस. केसांच्या बुडातली लव कंगव्याने काढून टाकायची, स्टॅकर नावाच्या छोट्या नळीत आपटून टोकं एका रेषेत आणायची, हुकाच्या वाकापर्यंत माप घ्यायचं आणि दोन सैल वेढे देऊन तिसरा आवळायचा. आवळला की केस झाडूसारखे फुलतात. हे केस आतून पोकळ असतात म्हणून तरंगतात, आणि पोकळ असतात म्हणूनच दोऱ्याखाली दबून फुलतात.

दुसरी पॅराशूट अ‍ॅडम्स. मूळ अ‍ॅडम्स मिशिगनमधल्या लेन हॅलाडे यांची, १९२२ ची. पॅराशूट प्रकारात पीस हुकाभोवती न गुंडाळता पंखाच्या खुंटाभोवती आडवं गुंडाळतात, त्यामुळे माशीचं अंग पाण्याच्या पापुद्र्यात बसतं आणि वर पांढरा खुंट दिसत राहतो. माझ्या डोळ्यांना तो खुंट हवाच, त्याशिवाय संध्याकाळी काही दिसत नाही.

तिसरी फेझंट टेल निम्फ (निम्फ म्हणजे किड्याची पाण्याखालची, पंख फुटण्याआधीची अवस्था), फ्रँक सॉयर यांची. हे इंग्लंडमध्ये एव्हॉन नदीची राखण करायचे. त्यांनी दोरा वापरलाच नाही, बारीक तांब्याच्या तारेनेच फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू बांधले, तीच तार वजनही देते आणि तंतूंमधून चमकतेही. मी पण तसंच केलं. या निम्फवर आता मणी, चमकी, रबराचे पाय असं काय काय लावतात, मला त्यात फार अर्थ वाटत नाही.

सगळ्या हुकांचे उलटे काटे पक्कडने दाबून सपाट केले. बांधायच्या आधी दाबायचे, कारण कधीकधी दाबताना हुकच मोडतो आणि बांधलेली माशी वाया जाते.

१४ एप्रिल

कास्टिंगचा सराव. गवतावर, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा. ओव्हरहेड कास्ट जवळपास केलाच नाही कारण ओढ्यावर मागे जागाच नाहीये. तीन गोष्टींवर वेळ घालवला.

रोल कास्ट: लाईन मागे उडत नाही, रॉडच्या बाजूला तिचा लोंबता अर्धगोल होतो आणि मग पुढे उलगडत जाते. गवतावर हा नीट होत नाही, लाईनला पाण्याची पकड लागते, म्हणून हा शेवटी ओढ्यावरच शिकायचा. साईड कास्ट: रॉड जमिनीला समांतर, लाईन फांद्यांच्या खालून जाते. आणि बो अँड अ‍ॅरो, म्हणजे धनुष्यबाणच. माशीचा हुक वाकाशी चिमटीत धरायचा, टोक बोटांपासून लांब, लाईन ओढून रॉड वाकवायचा, नेम धरायचा आणि सोडायचं. रॉडच्या लांबीएवढीच माशी जाते पण जिथे हात वर करायलाही जागा नाही तिथे दुसरं काहीच चालत नाही. सोडताना रॉडचा हात हलू द्यायचा नाही, एवढंच त्यातलं कसब.

लांबीचा सराव शून्य. मुद्दाम.

२० एप्रिल

रेकी. रॉड नेलाच नाही, नेला असता तर बघणं झालं नसतं.

थर्मामीटर, पांढरा ट्रे, पोलराइज्ड चष्मा एवढंच. पाणी दुपारी ९ अंश. ब्राऊन ट्राउट साधारण १० ते १६ अंशांत चांगला खातो, २० च्या वर गेलं की आपणच थांबावं, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो (१० अंशाला लिटरमागे साधारण ११.३ मिलिग्रॅम मावतो, २० अंशाला ९.१) आणि त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. दमवलेला मासा मग सोडला तरी मरतो. मे मध्ये तशी वेळ येणार नाही पण थर्मामीटर खिशात असणार.

खळाळातले दगड उलटून बघितले. जवळपास प्रत्येक दगडाखाली कॅडिसच्या अळ्या, वाळूचे कण आणि काड्या चिकटवून केलेल्या नळीत बसलेल्या. चपटे मेफ्लाय निम्फ, दगडावरून खेकड्यासारखे आडवे पळणारे. स्टोनफ्लायही दिसल्या, दोन शेपट्यांवरून ओळखू येतात (मेफ्लायला बहुतेक वेळा तीन), आणि त्या गार स्वच्छ पाण्याशिवाय टिकत नाहीत म्हणजे ओढ्याची तब्येत ठणठणीत आहे. दगड परत होता तसाच ठेवला, ज्या बाजूने होता त्याच बाजूने.

डोहांच्या शेवटी जिथे पाणी उथळ होतं तिथे स्वच्छ, फिकट रंगाच्या गोट्यांचे पट्टे आहेत. ब्राऊन ट्राउट शरद ऋतूत तिथे अंडी घालतो आणि वसंतात पिल्लं अजून गोट्यांच्या फटीत असू शकतात. ते पट्टे नकाशावर आखून ठेवले. तिथे पाय ठेवायचा नाही, वळसा पडला तरी.

आणि एक डोह. दोन मोठ्या धोंड्यांच्या मधून धार पडते, डावीकडे फेसाची रेघ निघते आणि ती समोरच्या काठाच्या पोखरलेल्या मुळांखालून जाते. फेस जिथून वाहतो तिथूनच अन्न वाहतं. तिथे कोणीतरी राहत असणार. बराच वेळ बसलो, काही वर आलं नाही, तरी नकाशावर खूण केली.

३ मे

बॅग: माश्यांचा एकच बॉक्स, टिपेटच्या दोन रिळी, फ्लोटंट (माशी तरंगावी म्हणून तिला लावायचं), फोरसेप्स (बारीक चिमटा), कात्री, थर्मामीटर, रबरी जाळी (दोऱ्याच्या गाठींची जाळी माशाचा चिकट थर खरवडते). वेडर्स (छातीपर्यंतचा पाणी न शिरणारा पोशाख) नाहीत, साधे हिप बूट, रबरी तळव्याचे. फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) तळवे दगडावर छान पकड घेतात पण ओले राहतात आणि एका पाण्यातलं शेवाळ-जंतू दुसऱ्यात नेतात. न्यूझीलंडने तर डिडिमो शेवाळ पसरल्यावर २००८ मध्ये फेल्टवर बंदीच घातली.

४ मे

सकाळी ७:४०. पाणी ८.५ अंश. हवा ढगाळ, वारा नाही. वर काहीच हालचाल नाही म्हणून फेझंट टेल लावली. खालून वर चाललोय. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे खालून गेलं की आपण त्याच्या पाठीमागे. मित्र पाच-सहा पावलं मागे, त्याला सांगितलंय पुढे यायचं नाही, सावली पाण्यावर टाकायची नाही.

९:१५. छोट्या खड्ड्यांमधून निम्फ चालवतोय, लाईन जवळजवळ पाण्याला लागूच देत नाही, रॉड उंच, फक्त लीडर आत. लीडर जरा थबकला की हळूच उचलायचं, दहातल्या नऊ वेळा दगड असतो. दहाव्या वेळी तळहाताएवढा मासा, अंगावर बाजूने गडद पट्ट्यांचे ठसे, अजून बालपणातला. पाण्यातच हुक काढला, हात लावायचीही गरज पडली नाही.

१०:५०. पाणी १०.२. पहिल्या कॅडिस उडताना दिसल्या, पाण्याच्या वर वेड्यावाकड्या. निम्फ काढली. आता खरा दिवस सुरू.

११:३०. नकाशावरच्या त्या डोहापाशी. यावर सविस्तर लिहितो कारण दिवसभरातलं शिकण्यासारखं सगळं इथेच झालं.

धोंड्यांच्या खाली पंधरा पावलं लांब गुडघ्यावर बसलो. खाली बसण्याचं कारण आहे. पाण्याखालून माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांचा शंकू, त्या बाहेर त्याला पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. मासा ३० सेंटीमीटर खोल असेल तर ही खिडकी वर फक्त ६८ सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे माशी त्याच्यापासून हातभर बाजूला पडली तर ती त्याला नीट दिसतच नाही, फक्त पृष्ठभागावर टेकलेले पाय दिसतात. आणि आपण? किनाऱ्याजवळचं, जमिनीलगतचं सगळं त्या खिडकीच्या कडेला चेपून दिसतं, अगदी बुटका माणूस तर जवळजवळ गायब. उभं राहिलो की संपलं.

मुळांच्या खाली एक मासा वर येत होता. नियमित. मित्र कुजबुजला, "टाक ना, बघत काय बसलायस." पण काहीतरी जमत नव्हतं. कॅडिस हवेत होत्या, पाण्यावरही एखादी टेकत होती, आणि हा तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. दोनदा तर पूर्ण वाढलेली कॅडिस त्याच्या डोक्यावरून वाहत गेली. तरी तो पाणी हलवत होता. मग लक्ष दिलं ते बुडबुड्यांकडे. मासा पृष्ठभागावरचा किडा घेतो तेव्हा तोंडात हवाही जाते आणि ती कल्ल्यांतून बाहेर पडते, वलयात एखादा बुडबुडा राहतो. इथे वलय होतं, पाठीचा पर क्षणभर दिसत होता, बुडबुडा नव्हता. म्हणजे तो वरचं खात नव्हता. पृष्ठभागाच्या अगदी खाली, कोष फोडून वर निघालेली कॅडिस घेत होता, पाण्याच्या पापुद्र्यात अडकलेली ती दोन-तीन सेकंद कुठेच पळू शकत नाही.

माझी एल्क हेअर तर पायांवर उंच उभी राहणारी. कात्री काढली आणि पोटाखालचं हॅकल सगळं सपाट कापून टाकलं. आता माशीचं अंग पाण्यात बसणार, फक्त केसांचा पंख वर. पुढच्या अर्ध्या भागालाच फ्लोटंट लावलं, मागचं अंग थुंकीने ओलं केलं.

आता प्रश्न ड्रॅगचा. माझ्या आणि माशाच्या मध्ये ती धोंड्यांमधून पडणारी वेगवान धार. मासा होता पलीकडच्या संथ पाण्यात. इथून सरळ फेकलं तर माशी संथ पाण्यात आणि लाईन वेगवान धारेत, धार लाईनला ओढणार, लाईन माशीला ओढणार, आणि माशी पाण्यावर रेघ काढत पळणार. खरा किडा असं करत नाही हे सगळ्यात लहान ट्राउटलाही माहीत असतं. लांब कास्टने हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो, लाईन जेवढी जास्त तेवढं धारेला ओढायला जास्त.

म्हणून कास्ट न करता जागा बदलली. उजव्या धोंड्याच्या मागे सरकायचं ठरवलं, तिथून धारेवर फक्त रॉडचं टोक येईल आणि पलीकडे लीडरचा शेवटचा भागच पाण्याला टेकेल. तिथपर्यंत जायला गुडघ्यांवर, मध्ये एकदा पोटावर, आणि प्रत्येक हालचालीनंतर मासा परत वर येईपर्यंत थांबायचं. पंधरा पावलांना किती वेळ लागला ते बघितलं नाही पण मित्राचा डबा तेवढ्यात उघडून खाऊन संपला होता. दगडावर बूट घासला गेला तर पाण्यातून आवाज लांबपर्यंत जातो आणि माशाला तो कळतो, त्यामुळे पाय उचलून ठेवायचा, सरकवायचा नाही.

धोंड्याला छाती टेकवून साईड कास्ट, जेमतेम लीडर आणि हातभर लाईन. माशी प्रवाहात मुळांच्या दीड फूट वर पडली. रॉड लगेच उंच केला, धारेवरची लाईन हवेत उचलली गेली. माशी दोन फूट वाहिली, एकदम मोकळी, फेसाच्या वेगाने. काही नाही. परत. यावेळी पाच-सहा इंच आत, मुळाच्या अगदी सावलीत.

घेतली तेव्हा आवाजही झाला नाही, केसांचा पंख होता तिथे नुसता खळगा पडला आणि मी रॉड उचलला. ग्लास पार हँडलपर्यंत वाकला. मासा सरळ मुळांकडे पळाला, ५ एक्सवर जास्त ओढता येत नाही, म्हणून रॉड खाली आणून बाजूने ताण दिला, बाजूने ओढलं की माशाचं डोकं वळतं आणि डोकं वळलं की मासा वळतो. धारेत आला, तिथे धारच त्याला माझ्याकडे घेऊन आली.

जाळीत मोजला, २३ सेंटीमीटर. या ओढ्याला हा मोठाच म्हणायचा. पाठ शेवाळी तपकिरी, बाजूला काळे ठिपके आणि मध्ये लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं, पोट लोण्याच्या रंगाचं. माशी जबड्याच्या कोपऱ्यात, फोरसेप्सने एका वळणात सुटली. हात ओले, मासा जाळीत पाण्यातच, मित्राने एक फोटो घेतला तेवढ्यापुरता वर. मग तोंड प्रवाहाकडे करून धरला, शेपटी मारून स्वतःच गेला. सरळ मुळांखाली.

मित्र म्हणाला, "स्पिनरला पहिल्या फेकीत आला असता." म्हटलं, "आला असता." पण पुढच्या डोहात त्याने स्वतःहून रॉड मागितला.

दुपारी २:२०. मित्र रोल कास्ट शिकतोय. मी मागे बसून खातोय. त्याची लाईन एकदा फांदीत, माशी गेली. एल्कचे केस झाडावर राहिले, असो.

३:४५. पाणी १३.१. ऊन पडलंय, डोह शांत. सावलीतल्या खड्ड्यांवर बो अँड अ‍ॅरो, फांद्यांच्या बोगद्यातून. इथे रॉड सात फुटी असल्याचा पुरेपूर फायदा. बारीक मासे, पण घेताना जी झडप घालतात! एक तर माशी टेकायच्या आधीच हवेत आला. या खड्ड्यांत काही बघत बसावं लागत नाही, पाणी खळाळतं, मासा घाईत, आपणही घाईत, नियम सगळे उलटे.

६:४०. मेफ्लायचे थवे पाण्याच्या वर, एकाच जागी वर-खाली. पंख काचेसारखे स्वच्छ म्हणजे स्पिनर, मेफ्लायची शेवटची अवस्था (मित्राच्या स्पिनरशी फक्त नाव सारखं). मेफ्लायचं वेगळेपण हे की उडायला लागल्यावरही ती अजून एकदा कात टाकते, दुसरा कुठलाच कीटक पंख कामाला आल्यावर असं करत नाही. आधी मळकट पंखांची डन, मग कात टाकून ही स्पिनर. तोंड निकामी, खायचं नाही, जोडी जमवायची, अंडी घालायची आणि पाण्यावर पडायचं. ७ च्या सुमारास पडायला लागल्या आणि डोहाच्या शेपटीला बारीक बारीक वलयं सुरू झाली. पॅराशूट अ‍ॅडम्स, १८ नंबर, टिपेट ६ एक्स केलं. अंधुक प्रकाशात पांढरा खुंट दिसत होता तोवर खेळलो, मग फक्त आवाजावर रॉड उचलायला लागलो तेव्हा गुंडाळलं. बिनकाट्याचा हुक असला तरी आंधळेपणाने मासा खोल गिळतो, ते नको.

५ मे

सामान धुतलं. बूट, जाळी, लाईनचे पहिले वीस फूट, सगळं ब्रशने घासून पूर्ण कोरडं होईपर्यंत बाहेर टांगलंय. लाईनवर मळ बसला की तरंगत नाही, साबणाच्या पाण्यातून काढली.

लीडर बघितला. ०.२३ आणि ०.१८ च्या जोडावर खरचटल्याची खूण, धोंड्यावर घासला असणार. तिथून पुढचा भाग नवीन बांधायचा. बाकी जाड भाग उत्तम, साईड कास्टमध्ये नीट उलगडत होता. ४ नंबरच्या लाईनचा निर्णय पक्का, बदलणार नाही.

११ मे

बॉक्समध्ये बदल. फेझंट टेल कमी केल्या, सकाळचे दोन-तीन तास सोडले तर लागल्याच नाहीत. त्या जागी कॅडिसचा दुसरा प्रकार बांधतोय, पोटाखाली हॅकलच नाही, अंग जरा हिरवट, मागे कोषाच्या सालीसारखा पारदर्शक धाग्याचा शेपटा लोंबता. कात्रीने कापलेली माशी चालली पण केस मोकळे होऊन एका बाजूला कलंडत होती, पंखाच्या बुडाशी एक वेढा जास्त दिला की बसेल असं वाटतंय. १४ आणि १६ मध्ये बांधतोय.

मित्राने मेसेज करून विचारलं, रॉडला ३ लिहिलंय तर लाईन ४ का घेतलीस. म्हटलं ये घरी, वजनकाटा काढून ठेवतो. रविवारी येतोय, त्याचा स्वतःचा लीडर बांधायला.